तपासणी रक्ताची असते, चारित्र्याची नव्हे

एस.टी. स्टँडबाहेरच्या भिंती, मुताऱ्यांची दारे आणि लॉजच्या बोळातले विजेचे खांब यांवर गेली कित्येक वर्षे एकच जाहिरात दिसते. गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज, पत्ता गुप्त राखला जाईल! त्या भिंतीपासून जिल्ह्याचे सिव्हिल हॉस्पिटल फार तर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असते. तिथे त्वचेचा तज्ज्ञ डॉक्टर असतो, प्रयोगशाळा असते आणि औषध फुकट मिळते. तरीही माणूस आधी भिंतीवरच्या पत्त्यावर जातो, तिथे दोन-चार हजार रुपये घालवतो, कसली तरी भुकटी दुधातून घेतो आणि आजार मुरल्यावर आमच्यासारख्यांच्या दारात येतो.

हे लोक अडाणी असतात असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. त्यांत शिक्षक असतात, बँकेतले असतात, इंजिनिअरिंगची मुले असतात. माझ्या मते अडचण वेगळीच आहे. सोनोग्राफीला गेल्यावर काय होते, हे आज खेड्यातल्या आजीलाही ठाऊक आहे. पण लैंगिक आजाराच्या तपासणीला गेल्यावर आत नेमके काय करतात, हे कोणीच कोणाला सांगत नाही. मग माणूस कल्पनेने चित्र रंगवतो. त्या चित्रात नर्स ओरडते, डॉक्टर उपदेश करतात, रिपोर्ट घरच्या पत्त्यावर जातो आणि गावभर बभ्रा होतो. ‘तपासणी करून घ्या’ असे आम्ही डॉक्टर, सरकार आणि वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे सांगत आलो. आत काय होते ते सांगायचे मात्र राहून जाते. म्हणून आज आतलेच सांगतो.

पहिली धास्ती केसपेपरच्या खिडकीची. तिथे तुमचे नाव, वय आणि गाव विचारतात. कशासाठी आलात असे विचारलेच, तर ‘त्वचा विभाग’ एवढे म्हणावे. आजार त्या खिडकीवर सांगण्याची काहीच गरज नाही. अनेक ठिकाणी ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ अशी जुनी पाटी अजून असते, पण त्या रांगेत बसलेल्यांपैकी बहुतेक गजकर्ण, खरूज, पांढरे डाग, केस गळणे यांसाठी आलेले असतात. तुम्ही कशासाठी बसला आहात, हे कपाळावर लिहिलेले नसते. लैंगिक आजारांसाठी सरकारने जी केंद्रे ठरवली, त्यांना ‘सुरक्षा क्लिनिक’ असे साधे नाव दिले ते याच हेतूने. एच.आय.व्ही.च्या तपासणीचे केंद्र वेगळे असते. त्याला आयसीटीसी म्हणतात आणि ते जिल्हा, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत असते. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांतही पहिली चाचणी होते. तीत काही आढळले तर पुढच्या खात्रीसाठी मोठ्या केंद्रात पाठवतात. तपासणी आणि सल्ला दोन्ही मोफत.

आत गेल्यावर प्रश्न विचारतात, आणि इथे बऱ्याच जणांचा घाम निघतो. शेवटचा संबंध कधी आला? निरोध वापरला होता का? स्त्रीशी की पुरुषाशी? तोंडाने, की गुदद्वारातून? गेल्या काही महिन्यांत आणखी कोणाशी? आधी कोणते औषध घेतले? पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का? बाईमाणूस असेल तर पाळी कधी आली, दिवस राहिले आहेत का? हे प्रश्न भोचकपणाचे वाटतात, पण यांतल्या एकेका उत्तरावर पुढची तपासणी ठरते. संबंध कधी आला त्यावरून आज रक्त तपासण्यात अर्थ आहे की नाही ते कळते. कसा आला त्यावरून नमुना कुठून घ्यायचा ते कळते. घशातला परमा लघवी तपासून कसा सापडणार? पुरुषांशी संबंध असणारे तरुण इथे हमखास खोटे बोलतात आणि चुकीची तपासणी करून घरी जातात. प्रौढांमधले राजीखुशीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये गुन्ह्याच्या व्याख्येतून वगळले आहेत. डॉक्टर पोलीस नाही, आणि नव्हताच. एखाद्याला पोलीस व्हायची हौस असेल, तर दुसरा डॉक्टर गाठावा.

मग अंग तपासतात. पडद्याआड, दोन-तीन मिनिटे. पुरुषाचे इंद्रिय, अंडकोश, जांघेतल्या गाठी आणि तोंडाच्या आतली बाजू पाहतात. हातापायांचे तळवेही बघतात, कारण गरमीच्या दुसऱ्या टप्प्यात तळव्यांवर न खाजणारे तांबूस डाग उठतात. पू येत असेल तर त्याचा थेंब काचपट्टीवर घेतात. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पुरुषांमधला परमा बहुधा तिथल्या तिथे ओळखता येतो. स्त्रियांची तपासणी टेबलावर झोपवून होते. योनिमार्ग उघडून पाहण्याचे उपकरण आत घालतात. गार लागते, ताण जाणवतो, पण दुखू नये. दुखले तर ‘थांबा’ म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कापसाच्या काडीने आतला स्राव घेतात. डॉक्टर पुरुष असेल तर स्त्री कर्मचारी खोलीत असलीच पाहिजे. नसेल तर बोलवायला सांगावे. आदल्या दिवशी आत औषधाची गोळी ठेवू नये, आतून पाण्याने धुऊ नये, आणि पाळीचे दिवस शक्यतो टाळावेत.

मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत परमा आणि क्लॅमिडिया यांसाठी जंतूच्या जनुकावरून निदान करणारी चाचणी होते. तिला पुरुषांची नुसती लघवी पुरते. मात्र ती धारेच्या सुरुवातीची हवी आणि त्याआधी निदान तासभर लघवीला गेलेले नसावे. नेहमीच्या लघवी-तपासणीत मधली धार घ्यायला सांगतात, इथे उलटे असते. तालुक्याला ही सोय सहसा नसते. म्हणून सरकारी दवाखान्यांत लक्षणांच्या समूहावरून उपचार करण्याची पद्धत आहे आणि त्यासाठी रंगवार औषधांची पाकिटे असतात. लघवीच्या वाटे पू येत असेल तर करड्या रंगाचे, अंगावरून पांढरे जात असेल तर हिरवे, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळे. रिपोर्टची वाट पाहत रुग्ण हातचा जाऊ नये, हा त्यामागचा विचार आहे आणि तो रास्त आहे. मात्र त्याला एक मोठे छिद्र आहे. ज्याला लक्षणच नाही, तो या जाळ्यात सापडत नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीही त्रास जाणवत नाही. आजार आतल्या आत गर्भनलिकांपर्यंत जातो, त्या चिकटतात, आणि पुढे मूल होत नाही म्हणून तिलाच बोल लावले जातात.

आता रक्ताकडे वळू. दंडाला पट्टा बांधून शिरेतून चार-पाच मिलिलिटर रक्त घेतात. त्याला उपाशीपोटी असण्याची गरज नाही. त्यातून एच.आय.व्ही., गरमी आणि कावीळ ब यांची तपासणी होते. गरज असेल तर कावीळ क चीही. एच.आय.व्ही.साठी तुमची संमती लागते. आधी समुपदेशक तुमच्याशी बोलतात, आणि रिपोर्ट हातात देतानाही बोलतात. पहिल्या चाचणीत काही आढळले नाही तर रिपोर्ट निगेटिव्ह. आढळले तर वेगळ्या बनावटीच्या किटवर दुसरी आणि तिसरी चाचणी करतात, आणि तिन्हींचा निकाल एकच आला तरच पॉझिटिव्ह म्हणतात. कोपऱ्यावरच्या लॅबमधल्या एका चाचणीच्या कागदावर कोणी जिवाचे बरेवाईट करून घेऊ नये, हे मी पुन्हा पुन्हा का सांगतो ते यावरून कळेल.

गरमीच्या रिपोर्टाने आपल्याकडे जेवढी लग्ने मोडली असतील, तेवढी पत्रिकेतल्या मंगळानेही मोडली नसतील असे मला कधी कधी वाटते. व्हीडीआरएल ही चाचणी स्वस्त आणि उपयुक्त आहे, पण ती गरमीशिवायही पॉझिटिव्ह येऊ शकते. गरोदरपणात, मलेरियात, कुष्ठरोगात, सांध्यांच्या काही आजारांत असे होते. म्हणून तिच्या जोडीला टीपीएचए ही दुसरी चाचणी करतात. टीपीएचएची तऱ्हा निराळी. एकदा गरमी झाली की उपचाराने माणूस पूर्ण बरा झाला तरी ती बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. म्हणजे जुन्या, बऱ्या झालेल्या आजाराची ती खूण असते. उपचार लागू पडला की नाही हे व्हीडीआरएलच्या आकड्यावरून ठरते. तो १:३२ वरून १:८ वर आला, म्हणजे चौपटीने उतरला, तर औषध लागू पडले. हे न समजता नुसता ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून सासरच्यांनी सून माहेरी पाठवली, असे मी पाहिले आहे. तो रिपोर्ट वाचून दाखवणाऱ्याला त्यातले काहीच कळत नव्हते.

गरमीचा खरा कावा लोकांना ठाऊक नसतो. पहिला चट्टा बहुधा दुखत नाही आणि काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. माणसाला वाटते, भिंतीवरच्या डॉक्टरची भुकटी लागू पडली! जंतू मात्र रक्तात असतो. काही वर्षांनी तो मेंदू किंवा हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचू शकतो, आणि गरोदर बाईच्या पोटातले मूल दगावू शकते. आणि यावर उपाय काय, तर आजार नवा असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटे, दोन्ही कुल्ल्यांत विभागून, एकदाच. त्या रात्री थंडी वाजून ताप येऊ शकतो. घाबरू नये, मरणाऱ्या जंतूंमुळे तो येतो आणि दिवसभरात उतरतो. १९४३ पासून गरमीवर वापरात असलेले पेनिसिलिन आजही तितकेच चालते. परम्याचे तसे नाही. एकेकाळी सिप्रोफ्लॉक्सासिनची एक गोळी पुरायची. मेडिकल स्टोअरमधून वाटेल तशा गोळ्या घेऊन आपण ते औषध निकामी करून ठेवले. म्हणून जुन्या चिठ्ठीवर औषध आणू नका.

तपासणीची घाई आणि तपासणीला उशीर, दोन्ही वाईट. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून निगेटिव्ह रिपोर्ट खिशात घालून फिरणारे महाभाग मी बरेच पाहतो. रक्तात खूण उमटायला वेळ लागतो. एच.आय.व्ही.च्या साध्या चाचणीला पूर्ण खात्रीसाठी तीन महिने द्यावे लागतात. प्रयोगशाळेतली नवी, जंतूचा अंशही शोधणारी चाचणी सुमारे सहा आठवड्यांत सांगते. गरमीलाही काही आठवडे ते तीन महिने. परम्याचा त्रास मात्र बहुधा आठवड्याभरातच सुरू होतो. तेव्हा त्रास असेल तर आजच जावे, नसेल तर डॉक्टर सांगतील त्या तारखेला. मधल्या काळात निरोध वापरावा. आणि निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली, असा प्रसंग असेल तर तीन महिने थांबायचे नाही. एच.आय.व्ही.ची लागण टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत, खरे तर जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. अशा वेळी रात्री-अपरात्रीही सिव्हिल गाठावे.

इथे एका वाईट प्रथेबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. काही तरुण तपासणी केंद्रात जायला लाजतात आणि रक्तदान शिबिरात जाऊन झोपतात. रक्तपेढी रक्त तपासतेच, मग दोष असला तर कळवतीलच, असा हिशोब. पण नुकत्याच लागण झालेल्या माणसाच्या रक्तात खूण उमटलेली नसेल, तर ती बाटली चांगली समजून बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या पोराला चढवली जाऊ शकते. आपली लाज झाकण्यासाठी दुसऱ्याच्या लेकराचा जीव पणाला लावणे आहे हे. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी शिबिराच्या सुरुवातीला चार शब्द यावर बोलावेत, ही माझी जाहीर विनंती.

जास्त तपासण्या म्हणजे चांगली तपासणी, असेही नाही. गर्भपात झालेल्या बाईला ‘टॉर्च टेस्ट’ लिहून देण्याची खोड आपल्याकडे अजून गेलेली नाही. त्यात नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूची खूण निघते. ती असंख्य लोकांच्या रक्तात असते. पुष्कळांना लहानपणीच तोंडाला येणाऱ्या फोडांतून लागण झालेली असते. पण त्या कागदावरून नवरा-बायकोत संशयाचे भूत उभे राहते. अंगावर फोड असेल तर फोडातला नमुना तपासावा. फोडच नसेल तर हर्पिससाठी रक्त तपासून हाती काही लागत नाही. उलट, जाहिरातीतल्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये साखर, कोलेस्टेरॉल आणि जीवनसत्त्वे भरपूर असतात, गरमी आणि एच.आय.व्ही. बहुधा नसतात. ते तुम्हाला मागावे लागते. कावीळ ब चा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर लसीचे तीन डोस घेऊन टाकावेत, म्हणजे ती काळजी तरी संपते.

लोक कुजबुजून विचारतात तो प्रश्न म्हणजे, घरी कळेल का? २०१७ साली संमत झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला एच.आय.व्ही.-एड्सविषयीचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, आणि रिपोर्ट तुमच्या परवानगीवाचून बाहेर जाता कामा नये. नोकरी देण्यासाठी एच.आय.व्ही.च्या तपासणीची अट घालता येत नाही. जोडीदाराला तुम्ही स्वतः सांगावे यासाठी समुपदेशक मदत करतात. तुम्ही सांगणारच नाही आणि त्याला लागण होण्याचा मोठा धोका आहे, असे दिसले तरच डॉक्टर किंवा समुपदेशक, आधी तुम्हाला कल्पना देऊन, त्याला सांगू शकतात. सांगितल्यामुळे बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर सांगू नये असेही कायदा म्हणतो. हे झाले कागदावर. प्रत्यक्षात, एका खासगी लॅबच्या काउंटरवरून भरल्या बाकांसमोर आजाराचे नाव घेऊन पेशंटला हाक मारलेली मी स्वतः ऐकली आहे. अशा ठिकाणी गप्प बसू नका, लेखी तक्रार करा. आणि लॅबवाल्यांनो, नंबराने हाक मारायला पैसे पडत नाहीत.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती एकट्या बाईला तपासण्याची. अंगावरून पांढरे जाते म्हणून ती येते, पाकीट घेऊन जाते, बरी होते, आणि दोन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत येते. ‘डॉक्टर, दर वेळी गोळ्या मलाच का?’ असे एका बाईंनी मला सरळ विचारले होते. पांढरे जाण्याची सगळीच कारणे संबंधातून आलेली नसतात, बुरशीनेही तसे होते. पण तपासून आजार लैंगिक ठरला, तर नवऱ्याने त्याच दिवशी औषध घेतले पाहिजे, त्याला काही त्रास नसला तरीही. एका मात्रेचे औषध घेतल्यावर दोघांनी सात दिवस संबंध ठेवायचा नाही. नवरा पुण्या-मुंबईला कामावर असेल तर त्याचे पाकीट तिच्या हाती देऊन भागत नाही. त्याने जवळच्या दवाखान्यात दाखवून रक्तही तपासून घ्यावे. गरोदर बायकांची एच.आय.व्ही. आणि गरमीची तपासणी सरकारी दवाखान्यांत होते, ही चांगली गोष्ट. पण तिथेही तिचा रिपोर्ट हा जणू तिचाच गुन्हा, असे घरात धरले जाते. तपासणी तिची आधी झाली म्हणून आजार तिचा आधी कळला, एवढाच त्याचा अर्थ. कोणाकडून कोणाकडे गेला, हे कोणताही रिपोर्ट सांगत नाही. मला तसे विचारणाऱ्या सासूबाईंना मी हेच उत्तर देतो.

एच.आय.व्ही.चा रिपोर्ट पॉझिटिव्हच आला तर? १९८६ मध्ये चेन्नईत भारतातल्या पहिल्या रुग्णांचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांच्या हाती द्यायला फारसे काही नव्हते. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधे मोफत मिळू लागली, आणि २०१७ पासून निदान झाले की लगेच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. रोज नियमाने गोळी घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तो मोजणीत येत नाही, आणि तसा तो राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आईने गरोदरपणापासून औषध घेतले तर मूल निरोगी जन्मण्याची शक्यता फार मोठी असते. माझ्याकडे येणाऱ्यांत वीस-वीस वर्षे गोळ्या घेणारे आहेत. त्यांतले काही आता बीपी आणि गुडघ्यांच्या तक्रारी घेऊन येतात, म्हणजे चारचौघांसारखे म्हातारे होत आहेत.

शासकीय ओपीडी सहसा सकाळची असते, तेव्हा लवकर निघावे. फोनवर आधी विचारायचे असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, आणि तिथे नाव सांगावे लागत नाही. येताना आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि जुने रिपोर्ट असतील तर आणा. गरमीचा उपचार झालेल्यांनी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचे असते. त्यासाठी केसपेपर जपून ठेवा. घरात ठेवण्याची भीती वाटत असेल तर त्यावरचा नोंदणी क्रमांक आणि व्हीडीआरएलचा आकडा डायरीत उतरवून घ्या, त्यावरून आम्हाला तुमची जुनी नोंद शोधता येते.